हॉटेलातला माणूस टिकतो कशाने? बेळगावच्या एका मालकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर रोडवर १४ टेबलांचं शाकाहारी हॉटेल. आचारी, टेबलावर वाढणारे सप्लायर, मोरीवरच्या आणि भाकरी करणाऱ्या बायका, गल्ल्यावरचा मुलगा धरून १६ माणसं. सकाळी नाष्ट्याला उघडतं, रात्री ११ ला शटर पडतं. गेल्या वर्षी सगळ्यांचा पगार वाढवला, तरी निम्मी माणसं सोडून गेली, त्यातली बरीच गोव्याला. आता मालक विचारतात: ठरलेल्या वेळा, पगारी रजा, घरच्या अडचणीला सवलत असल्या धोरणांनी कामगाराच्या घरच्या आयुष्यात खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल तर आमच्यासारख्या लहान हॉटेलाला ते झेपतं का?

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पण सगळ्या धोरणांचा सारखा पडत नाही. बेळगाव, निपाणी आणि हायवेवरच्या हॉटेलांत आधी फ्लोअरवर, मग मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षं काढली. आता हॉटेलांच्या माणसांची आणि शिफ्टची घडी बसवून देण्याचंच काम करतो. या सगळ्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आपल्या भागातला कामगार पगारासाठी हॉटेल सोडतो असं वरून दिसतं, पण पुष्कळदा त्याने आधी मनाशी हिशोब केलेला असतो की इथे राहूनही मला घर मिळत नाही, मग दोन पैसे जास्त तरी का घेऊ नयेत?

गोव्याचंच बघा. चोर्ला घाट उतरलं की म्हापसा, पणजी, कळंगुट. तिथे पगार जास्त, सीझनला टिपही बरी. त्या पैशाशी बेळगावचं १४ टेबलांचं हॉटेल बरोबरी करू शकणार नाही, करूही नये. तुमच्याकडे मात्र असं काहीतरी आहे जे गोव्यातला मालक देऊच शकत नाही. येळ्ळूरचा, मच्छेचा, उचगावचा पोरगा तुमच्याकडे काम करून रात्री आपल्या घरी जाऊन झोपू शकतो. आईच्या हातचं खातो, पोरांचा अभ्यास बघतो, म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात नेतो. त्याला बेळगावात धरून ठेवणारं एवढं एकच कारण आहे, आणि आपल्याकडची ब्रेक शिफ्ट नेमकं तेच कारण खाऊन टाकते.

ब्रेक शिफ्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी ८ ला यायचं, ३ वाजता 'जाऊन या' म्हणायचं, ६ ला परत, रात्री ११ पर्यंत. कागदावर मधले ३ तास विश्रांतीचे. पण कुद्रेमनीच्या माणसाने त्या ३ तासांत घरी जाऊन यायचं कसं? जाण्यायेण्यात आणि बसची वाट बघण्यातच वेळ जातो. म्हणून तो कांद्याच्या पोत्यांशेजारी आडवा होतो, नाहीतर मागच्या जिन्यावर मोबाईल बघत बसतो. म्हणजे तुमच्या हिशोबात काम १२ तासांचं आणि त्याच्या हिशोबात घराबाहेर १७ तास. आता ५०० रुपये वाढवलेत तरी त्या १७ तासांतला एकही कमी होत नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा, १९६१ नुसार दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास काम. सलग ५ तासांच्या आत किमान १ तासाची विश्रांती. आणि मालकांच्या सहसा लक्षात नसलेलं कलम म्हणजे विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या पुढे जाता कामा नये. सकाळी ८ ते रात्री ११ म्हणजे १५ तास. मध्ये कितीही मोठा ब्रेक दिला तरी ते बसत नाही. ज्यादा कामाला दुप्पट दर आहे, आणि तो देऊनही दिवसाला १० तास ही हद्द आहे, ३ महिन्यांत मिळून ५० तास. हे मी धाक घालायला सांगत नाही. जुनी माणसं ज्या चाकोरीला 'हॉटेल लाइन अशीच असते' म्हणतात, ती कायद्यानेही मान्य केलेली नाही, एवढं तुमच्या मनाशी पक्कं असावं.

मग १६ माणसांत सरळ शिफ्ट बसते का? बसते. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी दिली की रोज १३ ते १४ माणसं हजर असतात. त्यातली ६ जणं सकाळी ७ ते ४, बाकीची दुपारी १२ ते ९ आणि २ ते ११ अशी तोडून घ्यायची. प्रत्येकाला मध्ये तासाभराची विश्रांती. दुपारच्या जेवणाच्या गर्दीला या शिफ्ट एकमेकांवर येतात, तिथे जवळजवळ सगळी माणसं मिळतात. अडचण येते ती रात्रीची, त्यातही शनिवार-रविवारी, जेव्हा गोव्याला जाणारी-येणारी कुटुंबं थांबतात. त्या संध्याकाळांसाठी कॉलेजची दोन मुलं घ्या, ५ ते १०. बेळगावात कॉलेजं भरपूर, हातखर्चाला काम हवं असणारी मुलंही भरपूर. समजा प्रत्येकाला एका संध्याकाळचे ४०० रुपये दिले, तर महिन्याच्या आठ संध्याकाळांचे दोघांचे मिळून ६,४०० झाले. सोळा जणांना ५०० वाढवलेत तर ८,००० जातात. पगारवाढ देऊच नका असं मी म्हणत नाही, महागाई सगळ्यांनाच आहे. पण माणूस थांबावा म्हणून पैसे घालत असाल तर ते आधी वेळेत घाला.

एक सावधगिरी. ब्रेक शिफ्ट सगळ्यांनाच नकोशी असते असं धरून चालू नका. वडगाव-अनगोळात, दहा मिनिटांवर राहणाऱ्या बाईला दुपारचे ३ तास सोन्यासारखे असतात. पोरं शाळेतून येतात, त्यांना वाढून, कपडे धुऊन ती परत येते. तिची ब्रेक शिफ्ट काढून तिला रात्री ९ पर्यंत सलग उभं केलंत तर धोरण चांगलं ठरूनही तिचं घर मोडेल. तिची शिफ्ट राहू द्या, फक्त १२ तासांच्या पसाऱ्यात बसवा. म्हणून प्रत्येकाला विचारायचं, आणि एकेकट्याला विचारायचं. कॅप्टनसमोर, म्हणजे सप्लायरांवरच्या मुख्य माणसासमोर, मिळालेलं 'चालतंय की सर' हे उत्तर धरू नये.

सरळ शिफ्टच्या खालोखाल मी वेळापत्रक आधी कळण्याला मान देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९१ मध्ये खास हॉटेल-रेस्टॉरंटच्या कामगारांसाठी करार केला, क्रमांक १७२. भारताने तो स्वीकारलेला नाही, पण त्यातली एक अपेक्षा मला फार नेमकी वाटते: कामगाराला आपलं घरचं आयुष्य आखता यावं म्हणून कामाच्या वेळा शक्य तितक्या आधी कळाव्यात. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या दुकानांत संशोधकांनी हाच प्रयोग केला, वेळा स्थिर केल्या, आयत्या वेळचे बदल कमी केले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा अशा दुकानांची विक्री साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कपड्याचं दुकान आणि हॉटेल एक नव्हे, तरी कारण सारखंच लागू पडतं. उद्या आपण कुठे असणार हे ज्याला माहीत आहे तो आज कामावर लक्ष देऊ शकतो.

आपल्याकडे हे करायला सॉफ्टवेअर लागत नाही. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा तक्ता किचनच्या दाराशी लावायचा. मराठी शाळेत शिकलेल्यांसाठी देवनागरीत, बैलहोंगल-सौंदत्तीकडच्यांसाठी कन्नडमध्ये. बोलताना दोन्ही भाषा सगळ्यांना येतात, वाचताना येत नाहीत. ओडिशा-नेपाळच्या मुलांसाठी प्रत्येक शिफ्टला रंग द्या. सुट्टीचा वार महिनाभर बदलायचा नाही. मंगळवारची सुट्टी ठरली की त्या माणसाची बायको मंगळवारी माहेरी जायचं ठरवते, तो मुलाला दवाखान्यात न्यायचं त्या दिवशी ठेवतो. सोमवारी रात्री ११ वाजता 'उद्या ये' म्हणून फोन केला की एका माणसाची सुट्टी मोडतेच, शिवाय घरातल्या चौघांचा बेत मोडतो, आणि पुढच्या वेळी घरचेच म्हणतात, सोड ते हॉटेल.

सणांचा आणि शेतीचा विषय आपल्या भागात वेगळा हाताळावा लागतो. पुण्या-बंगळूरच्या सल्लागारांना हे कळत नाही. तुमचे निम्मे कामगार शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. जुलैत भाताची रोपलावण, नोव्हेंबर-डिसेंबरला सुगी. सुगीला माणूस घरी लागतोच; तुम्ही रजा दिली नाही तर तो न सांगता जातो, खाडा पडतो, परत यायला लाजतो आणि मग दुसरीकडे कामाला लागतो. नेमकं डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, शहरात लॉज आणि हॉटेलं भरून वाहतात. म्हणजे तुमची गर्दी आणि त्याची सुगी एकाच महिन्यात. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी मालकाला ते अचानक आल्यासारखं वाटतं. ऑगस्टमध्येच बसून ठरवा: कोण सुगीला कधी आणि किती दिवस जाणार, त्या दिवसांत बदली कोण. १९६१ च्या त्याच कायद्याप्रमाणे २० दिवसांच्या कामामागे १ दिवस पगारी रजा जमते. ती रजा अशा दिवसांसाठी वापरू दिली तर माणूस सांगून जातो आणि ठरल्या दिवशी येतो.

गणपतीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं, आणि ते अकरा दिवस बेळगाव रात्रभर जागं असतं. तिथे मी वर्षाच्या सुरुवातीलाच यादी करतो. गणपती, दिवाळी, ईद, बसव जयंती, आपापल्या गावची जत्रा, यांतले कुठले दोन सण तुला घरी हवेतच? बहुतेक वेळा उत्तरं आपोआप वेगवेगळी येतात. जिथे एकाच सणावर पाच जण अडतात तिथे गेल्या वर्षी ज्याला मिळाला नाही त्याला आधी. गावच्या महालक्ष्मी यात्रेला मात्र हात लावायचा नाही. ती कित्येक गावांत वर्षानुवर्षांनी एकदा येते, साऱ्या लेकी-सुना, पाव्हणेरावळे गोळा होतात. त्या दिवशी ज्याला तुम्ही थांबवलंत, तो तुमच्याकडे मनाने राहत नाही.

आजारपणाच्या रजेबद्दल मी जरा आग्रहाने बोलणार आहे, कारण इथे कामगाराचं घर आणि गिऱ्हाइकाचं पोट एकमेकांना बांधलेलं आहे. कायद्याने वर्षाला १२ दिवसांपर्यंत आजारपणाची पगारी रजा आहे. किती हॉटेलांत ती दिली जाते, तुम्हीच बघा. खाड्याचा पैसा कापला जातो म्हणून जुलाब होत असताना माणूस पीठ मळायला उभा राहतो. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत अनुसूची ४ सरळ सांगते की संसर्गजन्य आजार असलेल्याला अन्न हाताळू द्यायचं नाही, वर्षातून एकदा सगळ्यांची वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराच्या गटातल्या आजारांची लस. पण आजारी माणसाला घरी बसणं परवडलं नाही तर ती अनुसूची भिंतीवरच राहते. शिवाय तो घरी जातो तेव्हा तापासकट जातो, त्याची बायको रात्र जागते, लेकराला लागण होते. दोन दिवसांचा पगार वाचवून आपण एका कुटुंबाचा आठवडा खातो.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, काढलं नसेल तर काढा. १० किंवा जास्त माणसं असलेल्या हॉटेलाला ते लागू आहे, २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकासाठी. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. कुटुंबाला उपचार मिळतात, आणि लांबलेल्या आजारात कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. पीएफला २० माणसांची अट आहे, त्यामुळे तुम्हाला सक्तीचा नाही. स्वखुशीने देता येतो.

बायकांकडे येतो. भाकरी, चिराचिरी, मोरी ही कामं आपल्या हॉटेलांत त्यांच्याच अंगावर असतात, आणि त्यांचा दिवस तुमच्या दारात पाय ठेवण्याआधी चार तास सुरू झालेला असतो. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी सवलत म्हणजे शिफ्ट शेवटच्या बसच्या आधी सुटणं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसने फुकट जाता येतं, त्यामुळे खानापूरकडून येणाऱ्या बाईचे बसचे पैसे वाचले. पण बस चुकली की रिक्षाला दिवसाच्या मजुरीचा मोठा तुकडा जातो. तुमच्याकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या दोघी आहेत म्हणालात. शिनोळी-तुर्केवाडीकडच्या बायका रोज हद्द ओलांडून येतात, शक्ती योजना त्यांच्यासाठी नाही. त्या दोघींना बसभाडं वेगळं द्या आणि त्यांना सकाळचीच शिफ्ट द्या. रात्री कुणालाही थांबवावं लागलं तर घरापर्यंत सोडणं तुमच्याकडे, आणि हे तोंडी न ठेवता तक्त्यावर लिहायचं.

कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छ, कडीचं संडास-बाथरूम यांना कुणी घर सांभाळण्याचं धोरण म्हणत नाही, पण दिवसभर पाणी न पिता काम करून डोकं दुखत घरी जाणारी बाई मी पाहिली आहे, आणि ती घरी गेल्यावर काय करू शकत असेल याचा विचार करा. मासिक पाळीसाठी महिन्याला एक पगारी रजा देण्याचं धोरण कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलं. ती मागण्याची वेळ कुणा बाईवर पुरुष कॅप्टनसमोर येऊ नये. एखाद्या जुन्या अक्काकडे सांगितलं की पुरे, अशी सोय ठेवा. १० किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही हवीच, २०१३ चा कायदा आहे.

हॉटेलाच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना आपण विसरतो. खोली फुकट, जेवण फुकट, म्हणून त्यांना केव्हाही हाक मारायची मुभा आहे असं सगळे धरून चालतात. दूध आलं, उठव त्याला. रात्री पार्सल आलं, बोलव खाली. या मुलांचं घर हजार मैलांवर आहे, आणि इथे त्यांना 'माझा वेळ' म्हणता येईल असा फक्त त्या खोलीतला असतो. शिफ्ट संपल्यावर खोलीचं दार वाजवायचं नाही, हा नियम करा. तो पाळला जातो की नाही हे त्यांनाच विचारा.

आणि आता ज्यावर बाकी सगळं अडतं ते: तुमचा कॅप्टन आणि तुमचा मुख्य आचारी. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये काम आणि घर यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले. वेळेची, ताणाची आणि वागण्याची. वेळेची ओढाताण शिफ्टने सुटते. दुसऱ्या दोन सुटत नाहीत. ४ तास शेगडीपुढे उभा राहून वस्तादाच्या शिव्या खाल्लेला पोरगा वेळेवर घरी पोचला तरी तो घरी असतो का? दिवसभर हसून 'अजून काय आणू साहेब' म्हणणारा सप्लायर घरी बायकोशी चकार शब्द बोलत नाही, कारण बोलण्याचा सगळा साठा टेबलांवर संपलेला असतो. इथे रजा नव्हे, वागणूक कामाला येते. गिऱ्हाईक सप्लायरवर हात उगारेल किंवा आईबहिणीवरून बोलेल तेव्हा मालकाने गल्ल्यावरून उठून मध्ये पडायचं. बिल गेलं तरी चालेल. त्या रात्री सोळाही माणसं ती गोष्ट घरी सांगतात.

रजेचंही तसंच. धोरणात १२ दिवस लिहिलेत आणि कॅप्टनने प्रत्येक वेळी 'आजच पाहिजे होय?' म्हणून तोंड वाकडं केलं तर माणूस तिसऱ्या वेळेला खोटं सांगतो. त्याला खोटारडा म्हणण्याआधी खरं सांगितल्यावर त्याला काय मिळालं होतं ते बघावं. मी कॅप्टनच्या कामात एक गोष्ट लेखी घालायला लावतो: रजेच्या विनंतीला त्याच दिवशी हो किंवा नाही, आणि नाही असेल तर दुसरी तारीख. कॅप्टनलाही सुट्टी मिळते का हे मात्र आधी तपासा. ज्याला स्वतःला महिनाभर घर दिसलेलं नाही, त्याच्याकडून दुसऱ्याच्या घराची कदर होत नाही.

पगाराची तारीख पाळा. भिशी, बचत गटाचा हप्ता, शाळेची फी हे सगळं तारखेवर चालतं. उचल देताना ती वहीत लिहा, हप्ता लहान ठेवा, आणि उचल बाकी आहे म्हणून रजा अडवू नका. महिन्याचा उत्तम कामगार, टी-शर्ट, वर्षातून एकदा गोकाक धबधब्याची सहल, हे करायला हरकत नाही, पण त्याने कोणी थांबत नाही.

सुरुवात गणपती झाल्यावर करा, पितृपक्षात गर्दी उतरलेली असते आणि चुका पचतात. पहिल्या महिन्यात फक्त दोनच गोष्टी: सरळ शिफ्ट आणि न बदलणारा सुट्टीचा वार. दाराशी एक वही ठेवा आणि प्रत्येकाने निघताना खरी वेळ लिहायची, तक्त्यावरची नाही. आठवड्याच्या शेवटी तुम्ही स्वतः ती बघा. एखाद्याचं निघणं रोजच तासभर उशिरा होत असेल तर त्याला बोलू नका. त्या वेळेला एक माणूस कमी पडतोय, तक्ता बदला. रजा, ईएसआय, सणांची यादी हे दुसऱ्या महिन्यापासून घ्या, म्हणजे डिसेंबरच्या अधिवेशनाआधी घडी बसलेली असेल आणि सुगीला कोण कधी जाणार हेही ठरलेलं असेल.